परक्या फाइल प्रणालीतील बिघाडाचे निदान

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवलेल्या असताना एकीतून दुसरीचे पार्टिशन उघडत नसेल, तर दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्याच्या क्रियेस पार्टिशन बिघाडाचे निदान म्हणतात. लिनक्समधून विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन किंवा विंडोजमधून लिनक्सचे ईएक्सटी४ पार्टिशन वाचताना हा प्रश्न उद्भवतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली लिनक्स प्रणाली विंडोजसोबत बसवली असता तिलाही हे लागू पडते.

आभासी बिघाड

पुष्कळदा पार्टिशन बिघडलेलेच नसते. विंडोज ८ (२०१२) पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असल्यास 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी तेथूनच काम सुरू होते. लिनक्समधील एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर ही अवस्था ओळखतो आणि असे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडतो. नवख्या वापरकर्त्यास हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती सावधगिरी असते. येथे बळजबरीने लिहिल्यास विंडोज जुन्याच स्मृतीवर विसंबून पुढे लिहिते आणि तोवर नसलेला बिघाड खरोखरच निर्माण होतो. विंडोजमध्ये जाऊन 'रीस्टार्ट' केले, किंवा ही सोयच बंद केली, की अडचण दूर होते.

उलट दिशेने धोका अधिक आहे. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही. अशा पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर मिळालेच, तर ती ते 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारते. त्या प्रश्नास होकार दिल्याने सुस्थितीतील माहितीही गमावली जाते.

दोषाचे स्थान

खरा बिघाड डिस्कमध्ये, पार्टिशन तक्त्यात किंवा फाइल प्रणालीत असू शकतो. लिनक्स गाभ्याच्या नोंदींत वाचनाच्या त्रुटी वारंवार दिसत असतील आणि 'स्मार्ट' तपासणीत खराब सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्कच निकामी होत आहे असे समजावे. अशा डिस्कवर दुरुस्ती चालवणे घातक ठरते. प्रथम डीडीरेस्क्यूने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी लागते.

जुन्या एमबीआर पद्धतीत पार्टिशन तक्ता ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात असतो व त्यात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून आरंभीचा भाग पुसला गेला तरी ती उपयोगी पडते. तक्त्यातील पार्टिशनचा प्रकार मात्र केवळ पाटीसारखा असतो: एमबीआरमधील '०७' हा क्रमांक एनटीएफएस व एक्सफॅट दोहोंसाठी वापरतात. यासाठी आतील खूण पाहावी लागते. एनटीएफएसचे नाव पार्टिशनच्या पहिल्याच सेक्टरात लिहिलेले असते व त्या सेक्टराची प्रत पार्टिशनच्या अखेरीस असते. ईएक्सटी४ची मुख्य नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, आरंभापासून १०२४ बाइटांवर सुरू होते. तक्ता हरवला असून या खुणा शाबूत असतील, तर टेस्टडिस्कसारखे साधन त्यांवरून पार्टिशनच्या सीमा शोधू शकते.

दुरुस्ती

फाइल प्रणालीची दुरुस्ती तिच्या मूळ कार्यप्रणालीतूनच करणे श्रेयस्कर. एनटीएफएससाठी विंडोजमधील चेकडिस्क वापरतात. लिनक्समधील एनटीएफएसफिक्स हे नावावरून वाटते तसे पूर्ण दुरुस्तीचे साधन नाही. ते काही मोजक्या विसंगती दूर करते, जर्नल कोरे करते आणि पुढील तपासणी विंडोजवर सोपवते. ईएक्सटी४साठी ई२एफएसचेक आहे, परंतु ते पार्टिशन वापरात नसतानाच चालवावे. ही तपासणी प्रथम काहीही न लिहिता करण्याची सोय चेकडिस्क व ई२एफएसचेक दोहोंत आहे.