भांडवलशाही कधी सुरू झाली? आधी व्याख्या ठरवा

संशोधन आराखडा लिहिताना ‘भांडवलशाहीमुळे असं घडलं’ हे वाक्य आपण सहज लिहून जातो. मग मार्गदर्शक विचारतात, भांडवलशाही म्हणजे काय आणि ती कधीपासून? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

बाजार, सावकारी आणि नफा हजारो वर्षं जुने आहेत. नफा म्हणजेच भांडवलशाही असं धरलं तर ती प्रत्येक काळात सापडेल आणि शब्दाला अर्थच उरणार नाही. म्हणून अभ्यासक सहसा तीन गोष्टी एकत्र बघतात: उत्पादनसाधनांची खाजगी मालकी, मजुरीवर जगणारे लोक आणि नफा पुन्हा धंद्यात गुंतवणं. हा शब्दही तसा उशिराचाच. ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात तो नाही. आजच्या जवळच्या अर्थाने तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये लुई ब्लांने वापरला.

आता उगमाकडे येऊ. मॉरिस डॉब यांनी १९४६ मध्ये मांडलं की सरंजामशाही मुख्यतः आतून, जमीनदार आणि शेतकरी यांच्या संघर्षातून कोसळली. पॉल स्वीझी यांनी मात्र दूरच्या व्यापारावर भर दिला. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रेनर यांनी इंग्लंडच्या शेतीकडे बोट दाखवलं. तिथे खंड बाजारावर ठरू लागला. जमीन टिकवायची तर कुळाला उत्पादन वाढवणं भागच होतं. म्हणजे बाजार ही संधी न राहता सक्ती झाली.

पण एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्येच वेगळा मुद्दा मांडला होता: कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमातून आलेल्या पैशाने ब्रिटिश उद्योगांना बळ दिलं. आता अडचण बघा. व्याख्येत ‘मजुरी’ ही अट ठेवली, तर ऊसमळ्यातला गुलाम भांडवलशाहीच्या इतिहासाबाहेर जातो. अट काढली, तर इंग्लंडमध्ये नवीन काय घडलं ते सांगता येत नाही.

म्हणूनच व्याख्या ही नुसती पहिल्या प्रकरणाची औपचारिकता नाही. इतिहासात कोण मोजलं जाईल, हे ती ठरवते. मुंबईच्या गिरणीत राबणारा, पण कोकणातली शेती न सोडणारा कामगार तुमच्या व्याख्येत बसतो का? आराखडा लिहायच्या आधी असे दोन-तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा. व्याख्येबाहेर कोण राहतंय, तेही लिहून ठेवा. कदाचित तुमचा संशोधन प्रश्न तिथेच सापडेल.