ट्रेन्टनचे कायदे, लीग ऑफ विमेन व्होटर्स आणि आपण

वॉशिंग्टनमध्ये काय चालले आहे ते आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. एच-वन आणि ग्रीन कार्डचे भवितव्य तिथे ठरते, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण आपण न्यू जर्सीत राहतो, आणि ड्रायव्हिंग लायसन्स, शाळांचे अनुदान, मतदारनोंदणीची मुदत असे घरच्या चुलीपर्यंत पोचणारे विषय ट्रेन्टनच्या विधिमंडळात ठरतात. या विधिमंडळाचा सातत्याने पाठपुरावा करणाऱ्या एका नागरी संस्थेची आणि तिच्या कामांच्या यादीची ही माहिती.

लीग ऑफ विमेन व्होटर्सची स्थापना १९२० साली शिकागोत झाली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या कॅरी चॅपमन कॅट यांची ही कल्पना. (न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया १८०७ पर्यंत मतदान करत असत. मग कायदा करून तो हक्क काढून घेतला गेला!) नावात 'विमेन' असले तरी पुरुषही सदस्य होऊ शकतात. लीग कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही, पण बिलांवर मात्र ठाम भूमिका घेते. आधी सदस्य विषयाचा अभ्यास करतात, दोन्ही बाजू चर्चेला घेतात, एकमत झाले की संस्थेची भूमिका लिहून ठेवतात, आणि त्या भूमिकेत बसणाऱ्या बिलांसाठीच प्रयत्न करतात. आपल्या मंडळाच्या सभा आठवून पाहा, म्हणजे एकमताला किती वेळ लागत असेल ते कळेल.

यादीत मतदानाचा हक्क नेहमीच वरच्या जागी असतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याला बरेच यश आले. प्रोबेशन आणि पॅरोलवरच्या लोकांना मताधिकार परत देणारा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला. प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन मुदतीआधी मतदान करण्याची सोय २०२१ मध्ये आली. पक्षाने उचललेल्या उमेदवारांना प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एकाच ठळक रांगेत बसवणाऱ्या 'काऊंटी लाईन'लाही लीगचा विरोध होता. मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती थांबवली आणि २०२५ मध्ये विधिमंडळाने मतपत्रिकेची मांडणीच बदलली.

हारही झाली. सरकारी कागदपत्रे मागण्याच्या 'ओप्रा' कायद्यातले बदल २०२४ मध्ये लीगच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाले. कागद मिळवण्यासाठी कोर्टात जाऊन जिंकलेल्या नागरिकाला पूर्वी वकिलाची फी आपोआप परत मिळे, आता तशी खात्री राहिलेली नाही. टाऊनशिपकडून झोनिंगचे कागद मागणाऱ्याला याचा फटका बसू शकतो.

लीग एका पक्षाची आहे अशी शंका काढणाऱ्यांना २०१८ ची गोष्ट सांगावीशी वाटते. मतदारसंघांच्या सीमा आखण्याच्या पद्धतीत बदल करणारी घटनादुरुस्ती तेव्हा सत्ताधारी डेमोक्रॅटिक नेत्यांनी आणली होती. तिच्या विरोधकांत लीग होती, आणि शेवटी नेत्यांनी मतदानच रद्द केले.

मतदानाच्या दिवशीच नोंदणी करू देण्याची मागणीही यादीत वर्षानुवर्षे दिसत आली आहे. न्यू जर्सीत नोंदणीची मुदत निवडणुकीच्या २१ दिवस आधी संपण्याचा नियम आहे. ऑक्टोबरअखेर नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्याला नोव्हेंबरचे मत त्यामुळे हुकते. ज्याने ग्रीन कार्डसाठी बारा-पंधरा वर्षे वाट पाहिली, त्याला ही आणखी एक वाट!

आता महत्त्वाची गोष्ट. लीगने पाठिंबा दिलेल्या २०१८ च्या कायद्याने मोटर व्हेइकल कमिशनमध्ये लायसन्सच्या कामाबरोबरच मतदारनोंदणी होऊ लागली. नागरिकांना ही मोठी सोय आहे. पण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर तिथल्या पडद्यावर घाईने 'यस' दाबू नका, प्रश्न नीट वाचा. नागरिक नसताना नागरिक असल्याचे सांगणे किंवा मत देणे यामुळे देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. चुकून नोंदणी झाली असेल तर मत अजिबात देऊ नका आणि आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.

नागरिक झालेल्या आई-बाबांसाठीही एक माहिती. मिडलसेक्स काऊंटीत भारतीय भाषेतल्या मतदान साहित्याचे फेडरल बंधन लागू झाले आणि तिथे गुजराती आली. मराठी नाही. मात्र इंग्रजी वाचता येत नसेल तर मतदाराला मदतीसाठी आपल्या पसंतीची व्यक्ती मतदान करताना बरोबर नेता येते. मुलगा, सून, शेजारी, कोणीही चालते, फक्त मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी चालत नाही.

आपण काय करू शकतो? राज्यात ४० डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे आपले म्हणणे ऐकणारे तीन जण. बिल आधी कमिटीपुढे येते आणि तिथे कोणालाही बोलता येते. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे एच-फोरवर घरी असलेल्या वहिनीही जाऊ शकतात. बोलायचा धीर होत नसेल तर बाजूने की विरोधात एवढे नोंदवून 'बोलण्याची गरज नाही' असे कळवले तरी चालते. मंजुरीला असेंब्लीत ४१ आणि सेनेटमध्ये २१ मते लागतात, मग गव्हर्नरची सही.

आपल्या मंडळांसारख्या ५०१(सी)(३) संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण मर्यादेत राहून बिलाविषयी मत मांडता येते. हे बऱ्याच कार्यकारिणींना ठाऊक नसते आणि 'राजकारण नको' म्हणून विषयच बंद होतो.

अधिवेशन दोन वर्षांचे असते आणि सम वर्षाच्या जानेवारीत सुरू होते. तोवर मंजूर न झालेली बिले बाद होतात आणि पुन्हा नव्या क्रमांकाने मांडावी लागतात. तेव्हा आमदाराला लिहिताना जुना क्रमांक देऊ नका, आधी तपासून घ्या.