जुहूचें रंगमंदिर आणि जेनिफर कपूर

नाटकाची जाहिरात वाचतांना लेखक, दिग्दर्शक व नट यांचीं नांवें रसिक लक्षपूर्वक पाहतात. परंतु ज्या गृहांत तें नाटक व्हावयाचें त्याचें भाडें कोण ठरवितें, तिसरी घंटा वेळेवर वाजावी म्हणून कोण झटतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मुंबईच्या उपनगरांत, जुहू येथें, हा कारभार अवघीं सहा वर्षें पाहून त्यास कायमचें वळण लावून गेलेल्या एका स्त्रीचें स्मरण म्हणूनच उचित होय.

जेनिफर केंडल यांचा जन्म इंग्लंडांतील साउथपोर्ट येथें झाला. जॉफ्री व लॉरा हे त्यांचे आईवडील 'शेक्सपिअराना' नांवाच्या फिरत्या नाटकमंडळीचे चालक. ही मंडळी हिंदुस्थानांत गांवोगांव हिंडे. आज शाळेचें सभागृह, तर उद्यां एखाद्या संस्थानिकाचा वाडा. किर्लोस्कर-गंधर्वांच्या मंडळ्यांचीं बिऱ्हाडें पाहिलेल्या महाराष्ट्रास असलें जीवन नवें नव्हे. जेनिफर या मंडळींतील प्रमुख नटी होत्या. १९५६ सालीं कलकत्त्यास त्यांची व शशी कपूर यांची गांठ पडली आणि १९५८ सालीं विवाह झाला.

सासरेही त्याच पंथाचे वारकरी. पृथ्वीराज कपूर यांनीं १९४४ सालीं काढलेली 'पृथ्वी थिएटर्स' ही मंडळी सुमारें १६ वर्षें देशभर फिरली. खेळ संपल्यावर गरजूंसाठीं दाराशीं झोळी पसरून उभा राहणारा हा थोर नट आपल्या मंडळीला हक्काचें घर मात्र देऊं शकला नाहीं. १९६० सालीं मंडळी बंद पडली. जुहूस भाडेपट्ट्यानें घेतलेल्या जागेवर नाट्यगृह उभारण्याची त्यांची इच्छा १९७२ सालीं त्यांच्या निधनासमयीं अपुरीच होती.

ती पुत्रानें व सुनेनें पुरी केली. शशी कपूर यांनीं चित्रपटांतील कमाई ओतली. जेनिफरबाईंनीं जन्मभराचा रंगभूमीचा अनुभव. वास्तुशिल्पी वेद सेगन यांनीं सुमारें २०० आसनांचें, तीन बाजूंनीं प्रेक्षक बसतील असें आटोपशीर गृह रचिलें. ५ नोव्हेंबर १९७८ रोजीं त्याचीं दारें उघडलीं. आरंभींच्या प्रयोगांत गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मराठी नाटकाचा हिंदी अवतार होता, हें मराठी रसिकांस अभिमानास्पद आहे.

त्या काळीं नव्या नाटकांस जागेचीच मोठी अडचण होती. मोठ्या गृहाचें भाडें लहान संस्थेस पेलत नसे. मराठी प्रायोगिक नाटकास १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत आसरा मिळाला होता. हिंदी व इतर भाषांतील होतकरू कलावंतांस तसा आधार हवा होता. येथेंच चालकाची खरी कसोटी होती. भाडें वाढवावें तर ज्यांच्यासाठीं गृह बांधलें तेच दुरावणार. कमी ठेवावें तर २०० आसनांच्या तिकिटांतून खर्च निघणें कठीण. जेनिफरबाईंनीं तोटा पत्करला, परंतु भाडें अल्पच ठेविलें.

सवलत उदार असली तरी शिस्त कडक होती. खेळ ठरल्या क्षणीं सुरू व्हावा व उशिरा येणारास प्रवेश नसावा, हा 'पृथ्वी'चा दंडक प्रसिद्धच आहे. त्यामागें अहंकार नव्हे, तर व्यवहारज्ञान होतें. प्रेक्षक व नट यांत जेथें चार पावलांचेंही अंतर नाहीं, तेथें एकाच्या पायरवानें साऱ्यांचा रसभंग होतो.

१९८१ सालच्या '३६ चौरंगी लेन' या चित्रपटानें अभिनेत्री म्हणून त्यांची कीर्ति दूरवर पसरली. पण लौकरच कर्करोगानें गांठलें. ७ सप्टेंबर १९८४ रोजीं लंडन येथें त्यांचें निधन झालें. पुढें पुत्र कुणाल व कन्या संजना यांनीं तो वारसा चालविला. २८ फेब्रुवारी या त्यांच्या जन्मदिनीं तबलानवाज झाकिर हुसेन यांनीं वर्षानुवर्षें त्याच गृहांत वादनसेवा रुजू केली.

नटास टाळ्या मिळतात, लेखकाचें पुस्तक राहतें. चालकाचें काम चोख झालें तर तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. जुहूस वेळेवर वाजणारी तिसरी घंटा हेंच जेनिफरबाईंचें खरें स्मारक होय.