फोटोत दिसतं, पण नाव कळत नाही

मंडळी, पुणतांबा म्हटलं की चांगदेवांची समाधी आठवते, नाहीतर २०१७चा शेतकऱ्यांचा संप. माझं आजोळ तिथलंच, गोदाकाठचं. पण आजचा विषय वेगळा आहे: मेंदूत मेद साठण्याचे आनुवंशिक आजार आणि मेंदूचे स्कॅन. गावाचा संबंध कुठे आला? लग्नांत! आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेकांना अजूनही वावगं वाटत नाही. यातले बहुतेक आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. नवराबायकोचे आजी-आजोबा सामाईक असले की ती शक्यता वाढते.

आधी थोडा इतिहास. १८८१ मध्ये लंडनच्या वॉरेन टे यांना एका बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर लालभडक ठिपका दिसला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स यांनी अशाच एका मुलाच्या मेंदूतल्या बिघडलेल्या पेशींचं वर्णन केलं. झालं, टे-सॅक्स! पेशीत साठणाऱ्या मेदाला जर्मनीच्या अर्न्स्ट क्लेंक यांनी १९४२ मध्ये गँग्लिओसाइड हे नाव दिलं. तो साठतो का, हे १९६९ मध्ये कळलं. हेक्सोसअमिनिडेज-ए नावाचं एन्झाइमच या मुलांत नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक. वापरून झालेलं मोकळं करणारा कोडच नाही, मग एक दिवस सिस्टिम बसते. फरक इतकाच, की इथे रीस्टार्ट नाही. चार-सहा महिने हसणारं, मान धरणारं बाळ हळूहळू शिकलेलं सगळं विसरतं. बहुतेक मुलं पाचव्या वर्षापर्यंत जातात.

पण जिवंत मुलाच्या मेंदूत डोकवायचं कसं? इथे आपला एक जातभाई मदतीला आला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड, ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. त्याच्या सीटी स्कॅनरवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन झाला. हे यंत्र प्रत्येक ठिपक्याला आकडा देतं: पाणी ०, हवा उणे १०००. टे-सॅक्सच्या बऱ्याच मुलांत मेंदूच्या मध्यावरचे थॅलॅमसचे दोन गोळे सीटीवर नेहमीपेक्षा पांढरे दिसतात. एमआरआयच्या टी-टू चित्रात तेच गोळे उलट काळपट दिसतात, आणि भोवतीचा पांढरा भाग जास्त उजळ.

मग काम झालं? नाही ना. सीटीवर असाच पांढरा थॅलॅमस क्रॅबे नावाच्या दुसऱ्या मेदसाठ्याच्या आजारातही दिसतो. म्हणजे स्कॅन हा लॉग आहे. गडबड कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे ते सांगतो, कुठली ओळ चुकली ते सांगत नाही. ते सांगते रक्तातल्या एन्झाइमची तपासणी, आणि मग जनुकाची.

'हा तर ज्यूंचा आजार' असं जुन्या पुस्तकांत वाचून आपण निर्धास्त राहू नये. अहमदाबादच्या जयेश शेठ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतीय मुलांमधले जनुकबदल प्रसिद्ध केले, आणि त्यातला एक बदल गुजराती कुटुंबांत पुन्हापुन्हा सापडला. आपल्याकडे मुंबईचं केईएम हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातलं एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. पुणतांब्याहून मनमाडमार्गे गाडीने गाठता येतं.

तुम्ही म्हणाल, इलाजच नाही तर नाव कळून उपयोग काय? आहे, आणि फार मोठा आहे. नाव नसलं की घरात 'आईचं काहीतरी चुकलं' इथपासून 'बाहेरची बाधा' इथपर्यंत सगळं बोलून होतं. आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हाच आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे मात्र कोणी सांगत नाही. नाव कळलं तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा तुकडा तपासून उत्तर मिळतं. अमेरिकेत १९७१ पासून ज्यू समाजाने रक्त तपासून वाहक शोधले, आणि त्या समाजातले टे-सॅक्सचे रुग्ण ९० टक्क्यांहून जास्त घटले. इलाज तेव्हाही नव्हता!

म्हणून एखाद्या रिपोर्टवर 'थॅलॅमसमध्ये बदल' असं दिसलं आणि बाळ शिकलेलं विसरत असेल, तर फाइल कपाटात ठेवू नका. एन्झाइमची तपासणी करायची का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. आणि गावाकडे मामाच्या मुलीशी सोयरीक ठरत असेल, तर पत्रिकेआधी हा विषय काढा. चार शिव्या बसतील, बसू देत.