लष्करी जेट विमानांच्या सराव-फेऱ्यांतील लँडिंग गिअरचा वापर

धावपट्टीभोवती ठरावीक मार्गाने घिरट्या घालून उड्डाण आणि अवतरण यांचा वारंवार सराव केला जातो. त्यास सराव-फेरी (सर्किट) म्हणतात. अशा प्रत्येक फेरीत विमानाची चाके, म्हणजेच लँडिंग गिअर, केव्हा खाली घ्यावी, त्याची खातरजमा कशी करावी आणि पुन्हा उड्डाण केल्यावर ती वर घ्यावीत की नाही, याविषयी निश्चित पद्धती आहेत.

गिअर खाली घेणे

प्रत्येक विमानाला गिअर उघडण्यासाठी कमाल वेगमर्यादा असते. अमेरिकी हवाई दलाच्या टी-३८ या प्रशिक्षण विमानात ती २४० नॉट (ताशी सुमारे ४४५ किमी) आहे. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना वेग या मर्यादेखाली आणून गिअर खाली घेतात. तीनही चाके कुलूपबंद झाल्याचे तीन हिरवे दिवे दाखवतात. ते पाहूनच शेवटचे वळण सुरू करतात आणि तसे रेडिओवरून कळवतात.

वर घ्यावा की खालीच ठेवावा?

चाके टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण केल्यावर टी-३८ मध्ये गिअर वर घेतात व पुढील फेरीत पुन्हा खाली आणतात. त्यामुळे हवेचा विरोध घटून इंधन वाचते आणि संपूर्ण कृती प्रत्येक वेळी गिरवली जाते. याउलट, विमानवाहू नौकेवरील अवतरणाचा जमिनीवर सराव करताना अमेरिकी नौदलाचे वैमानिक गिअर सहसा खालीच ठेवतात. नौकेवर दोर हुकला तरी लगेच दुसरा प्रयत्न करायचा असतो. जोरदार ब्रेक लावल्यानंतर चाके तापलेली असल्यासही, ती थंड होईपर्यंत गिअर बाहेर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

खातरजमा

अमेरिकी लष्करी विमानतळांवर नियंत्रक वैमानिकाला चाके तपासण्याची आठवण करून देतात. हवाई दलाच्या प्रशिक्षण तळांवर धावपट्टीलगतच्या काचेच्या कक्षातून अनुभवी प्रशिक्षक प्रत्येक विमानाची चाके डोळ्यांनी पाहतात.

या दुहेरी दक्षतेचे कारण ८ मे २००६ रोजी दिएगो गार्सिया येथे घडलेल्या अपघातातून स्पष्ट होते. ती सराव-फेरी नव्हती; दीर्घ प्रवासानंतर उतरणारे बी-१बी बॉम्बफेकी विमान चाके न उघडताच धावपट्टीवर घसरत गेले. चौकशी अहवालानुसार सहवैमानिकाने गिअर खाली असल्याचे नियंत्रण मनोऱ्याला कळवले होते, मात्र धोक्याचा लाल दिवा चार मिनिटांहून अधिक काळ पेटलेला होता. तोंडी घोषणा ही प्रत्यक्ष पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच आधी दिवे पाहणे व मग बोलणे, हा क्रम सराव-फेऱ्यांत अंगवळणी पाडला जातो.