गावाचं पाणी गावात राहत नाही

‘गावाचं पाणी गावात, शिवाराचं पाणी शिवारात.’ गेल्या काही दशकांत ही घोषणा महाराष्ट्रातल्या इतक्या भिंतींवर रंगवली गेली, की तिच्याबद्दल शंका काढणारा जलसंधारणाच्याच विरोधात आहे असं समजलं जातं. तरीही शंका काढणं भाग आहे. ज्या भूभागात ही घोषणा जमिनीखालच्या वस्तुस्थितीशी मुळीच जुळत नाही, तिथेही तीच धोरण होऊन बसली आहे. पूर्णेचं खोरं असा भूभाग आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातलं वरवट बकाल हे गाव त्याच्या उत्तर अंगाला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि मधल्या उतारावर संग्रामपूर तालुक्याची गावं. सोनाळा-टुनकीकडे विहिरीचं पाणी गोड लागतं. तिथून पातुर्ड्याच्या, शेगावच्या अंगाला उतरत गेलं की ते मचूळ होतं, मग खारं. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तासभर उकळली तरी दाणा दाताखाली येतो. म्हणून या गावांतल्या बाया वरणापुरतं नळाचं पाणी हंड्यात वेगळं झाकून ठेवतात.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो, कारण तो लेचापेचा नाही.

त्याचा पहिला आधार आहे हिवरे बाजार. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या त्या गावाने पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिकं ठरवली, आणि हे सगळं शेजारच्या गावाची वाट न पाहता केलं. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतही गावागावांनी श्रमदानाचे डोंगर उभे केले. दुसरा आधार अनुभवाचा. पाणी सामाईक झालं की भांडण ठरलेलं, हे इथल्याच वान नदीने दाखवलं, असं म्हणतात. तिसरा आधार भूगोलाचा. खारपाण, म्हणजे हा खाऱ्या पाण्याचा पट्टा, निसर्गाने दिलेलं आहे, इथे कधी काळी समुद्र होता, त्याचं पाणी खाली साठून राहिलं. त्यावर गावांनी एकत्र येऊन करायचं ते काय? धरणाचं गोड पाणी नळाने आणा, खालचं विसरा.

हिवरे बाजारपासून सुरुवात करतो. त्या गावाचं मोठेपण मी मानतो. पण त्याच्या यशात तिथल्या माणसांइतकाच तिथल्या दगडाचा वाटा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरात, लहान लहान कप्प्यांत साठतं. गाव पाणलोटाच्या माथ्याकडे असेल तर अडवलेल्या पाण्याचा बराच भाग त्याच्याच विहिरींत उतरतो. तिथे गावाची हद्द आणि पाण्याची हद्द जवळजवळ येतात, म्हणून गावाचा ताळेबंद लागू पडतो.

पूर्णेचं खोरं पाषाणाचं नाही, गाळाचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून झालेल्या या लांबट द्रोणीत नद्यांनी शेकडो फूट जाडीचा गाळ आणून भरला. डोंगराच्या कुशीला गोटे, वाळू, भरड गाळ. तिथे नदीचं आणि पावसाचं पाणी झपाट्याने मुरतं. दक्षिणेकडे गाळ बारीक होत जातो, चिकणमातीचे थर वाढतात, पाण्याची चाल मंदावते आणि क्षार साचतात. वर शिवारं शेकडो आहेत, गट नंबर हजारो आहेत, पण खालचं पाणी एकमेकांशी जोडलेलं आहे. एका परातीत चौघांनी जेवायला बसावं आणि प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलं वरण अडवायचं ठरवावं, असं हे चाललं आहे. पायथ्याच्या संत्रा-केळीच्या बागांसाठी बोअर खोल गेली की खालच्या गावांकडे सरकणारं गोड पाणी तितकं कमी होतं. वानच्या पात्रातली वाळू उपसली की पाणी मुरायची जागाच जाते, आणि त्याची झळ उपसा करणाऱ्या गावापेक्षा खालच्याला जास्त लागते. यातला एकही प्रश्न एका ग्रामसभेच्या ठरावाने सुटणारा नाही. ठराव करणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी इथली रचनाच आहे.

आता समुद्राची गोष्ट. ती इतकी रुजली आहे की शाळेतली मुलंही सांगतात. पण खारेपणासाठी समुद्र गृहीत धरायची गरज नाही. कोरड्या हवामानात खडकांच्या झिजेतून सुटलेले क्षार, नीट निचरा न होणारी सपाट द्रोणी आणि बाष्पीभवन एवढ्यावर त्याचा उलगडा होतो. एके काळी दहिहांड्याकडच्या खाऱ्या विहिरींतून मीठ काढलं जात असे, इतका हा क्षार दाट आहे. मला त्या गोष्टीची चीड येते ती भूगर्भशास्त्रासाठी नाही. ‘समुद्रच होता’ म्हटलं की माणूस हात झटकून मोकळा होतो, म्हणून येते. क्षार निसर्गाचे असतील, पण ते किती वर येतात हे उपशावर ठरतं. पावसाळ्यानंतर अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर गोड पाण्याचा एक पातळ थर बसतो. हलक्या हाताने काढलं तर तो थर पुरतो. मोठा पंप लावून ओढलं तर खालचं खारं पाणी उसळून वर येतं, आणि मग ती विहीर गेली म्हणून शेतकरी कपाळावर हात मारतो. त्याच पाण्याने ओलीत केलं की वावर पांढरं पडतं. मातीतला सोडियम वाढतो, ढेकूळ दगडासारखं होतं, पाऊस पडला तरी वरच साचून राहतो.

नळाच्या आधाराचंही असंच आहे. वानवरचं वारी भैरवगडचं धरण, म्हणजे हनुमान सागर, अकोला, बुलढाणा आणि अमरावती या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे उभं आहे. त्याचा उपयुक्त साठा ८१.९५५ दशलक्ष घनमीटर. तेल्हारा तालुक्याचं ओलीत त्यावर, अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना त्यावर, आणि संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांची १४० गाव पाणीपुरवठा योजनाही त्यावरच. किडनीच्या आजाराने होरपळलेल्या या दोन तालुक्यांत नळाचं गोड पाणी ही चैन नव्हे, तो जगण्याचा आधार आहे. त्यातला एक थेंबही कमी व्हावा असं मी म्हणणार नाही. पण पिण्याला नळ मिळाला म्हणून शेती नळावर होत नाही. कालवा आला तरी प्रश्न मिटत नाही, कारण निचऱ्याची सोय न करता खारपाणाच्या चोपण जमिनीला पाटाचं पाणी दिलं तर क्षार वर येतात. चोपण जमिनीला जिप्सम आणि चर काढून निचरा, हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं जुनं सांगणं आहे. आता निचऱ्याचा चर माझ्या वावरातून निघून कुठे जाईल? शेजाऱ्याच्या वावरात, तिथून पुढच्या गावच्या नाल्यात. इथेही पुन्हा शेजारीच येतो.

राहिलं भांडण. पूर्वपक्षातला हाच मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो, म्हणून तो नीट उलगडला पाहिजे. अकोला शहर आणि बाळापूर भागातली ६९ गावं यांच्यासाठी वानचं पाणी राखून ठेवायचं ठरलं तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पाण्याची वाट पाहणाऱ्या गावांनीही हट्ट सोडला नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारं पाणी टँकरमध्ये भरून अकोल्याहून नागपूरच्या दिशेने यात्रा निघाली. दोन्ही बाजूंना शेतकरीच आणि दोन्ही बाजूंचं दुखणं खरं. यावरून लोक म्हणतात, पाहिलंत, सामाईक पाण्यात एकोपा होत नसतो.

मला यातून उलटाच निष्कर्ष दिसतो. तेल्हारा आणि बाळापूर कधी एका सतरंजीवर बसलेच नाहीत. आरक्षण वरून मंजूर झालं, त्याला स्थगितीही वरूनच आली. एकमेकांचा ताळेबंद एकमेकांनी तपासला नाही, कमी पावसाच्या वर्षी कोणी किती सोसायचं याची बोली झाली नाही, सोसणाऱ्याला काय मिळणार हे कोणी सांगितलं नाही. सहकार्याची ही परीक्षाच नव्हती, कारण सहकार्य करून पाहिलंच गेलं नाही. जे फसलं ते वाटप होतं, आणि तेही दुसऱ्याच्या हातचं.

जिथे करून पाहिलं गेलं तिथली साक्ष वेगळी आहे. दूर जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण घ्या. शेपटाकडच्या ओझरला पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास तिथेच पहिल्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. माथ्याकडच्या गावांनी काय म्हणून ऐकावं? पण शेपटाकडच्यांनी आधी स्वतःचं मोजमाप चोख ठेवलं, पाणीपट्टी भरली, आणि त्या पुण्याईवर माथ्याशी बोलणी केली. पुढे दोन डझन संस्थांचा संघ झाला आणि सगळ्या धरणाचं सिंचन शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्याहून जुनी साक्ष धुळे जिल्ह्यातल्या पांझरेची. एका नदीवर ओळीने बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याखाली फड, म्हणजे एकत्र ओलीत होणाऱ्या शेतांचे गट, फडाला पाणी वाटणारा पाटकरी, आणि पाणी आटलं की यंदा कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तुटीचा वाटा सर्वांवर पडायचा, एकट्या शेपटावर नाही. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती कोणा सरकारी योजनेने दिलेली नव्हती.

धरण आणि बंधारा दिसतात, जमिनीखालचं पाणी दिसत नाही, असं कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून एक दूरचं, समुद्रकाठचं उदाहरण घेतो, ते भूजलाचं नाही, पण तिथेही दुखणं एका जागी होतं आणि त्याचं मूळ दुसऱ्याच जागी. ओडिशातलं चिलिका सरोवर पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. गाळाने ते भरत चाललं, समुद्राकडचं मुख बुजत आलं, खारेपणा घसरला, तण माजलं, मासळी आटली. १९९३मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत त्याचं नाव गेलं. कोळ्यांच्या एखाद्या गावाने आपल्या काठापुरतं तण काढून भागणारं नव्हतं. १९९१मध्ये स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने तिन्ही जिल्ह्यांचं सरोवर एकच धरलं. सप्टेंबर २०००मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं. तितकंच महत्त्वाचं म्हणजे, गाळ जिथून येत होता त्या वरच्या पाणलोटातल्या गावांबरोबर कामं घेतली. वर्षाला पावणेदोन हजार टनांच्या आसपास घसरलेली मासळी दोन वर्षांत जवळजवळ बारा हजार टनांवर गेली, आणि २००२मध्ये धोक्याच्या यादीतून नाव निघालं. तिथली भांडणं संपली असं नाही. कोळंबीच्या बेकायदा घेऱ्यांवरून तंटे अजून होतात. पण ते तंटे आता एका ठिकाणी मांडता येतात. तेल्हाऱ्याला आणि बाळापूरला ते ठिकाणच नाही.

खारपाण सुमारे पावणेपाच लाख हेक्टर पसरलं आहे, गावं नऊशेच्या घरात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातली ९३२ गावं घेतली. शेततळी झाली, ठिबक आलं, शेतकऱ्याच्या वैयक्तिक खात्यात अनुदान आलं. कामं चांगली आहेत, पण ९३२ गावांची बेरीज म्हणजे एक खोरं नव्हे. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेवर सह्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याचा भरड गाळ हीच पाणी मुरवायची जागा, हे त्या योजनेने मान्य केलं. राज्यं राज्यांशी बोलू शकतात, तर सोनाळा आणि पातुर्डा यांनी एकमेकांशी बोलायला अडचण कसली? मुरवलेलं पाणी पायथ्याच्याच बोअरांनी उपसून घेतलं तर खारपाणाच्या हाती काय लागणार, हे त्या योजनेच्या आधी ठरायला हवं.

कायद्याचीही आडकाठी नाही. १ जून २०१४पासून लागू झालेला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अधिसूचित क्षेत्रात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद करतो. म्हणजे गाव हे एकक सोडून पाणलोट हे एकक धरतो. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये असंही सांगतो. बोअरच्या गाड्या रात्रीतून किती खाली जातात हे पायथ्याच्या कोणत्याही गावात विचारा. एकट्या ग्रामपंचायतीने अडवलं तर गाडी शेजारच्या शिवारात उभी राहते.

शेवटचा आक्षेप पायथ्याच्या बागायतदाराचा, आणि तो मला टाळायचा नाही. बोअर आवरायचं त्याने, पाणी गोड व्हायचं दुसऱ्याचं, मग त्याला काय? उत्तर पैशातच द्यायला हवं. पुनर्भरणासाठी जमीन देणाऱ्याला, उपसा कमी करणाऱ्याला खालच्या गावांनी आणि वानचं पाणी पिणाऱ्या शहरांनी दर वर्षी मोबदला द्यावा. तो पाणीपट्टीत धरावा. टँकर, आरओचे प्लान्ट आणि डायलिसिस यांवर हेच लोक आज खर्च करतात.

सुरुवात धरणाच्या पाण्यापासून करता येईल. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर पिण्याचं आरक्षण जिल्हानिहाय ठरतं. वानपुरती अकोला आणि बुलढाण्याची बैठक एकत्र घ्यायला नवा कायदा लागत नाही, दोन जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरतं. त्या बैठकीत तेल्हाऱ्याचे ओलीतदार, १४० गावांचे सरपंच, पायथ्याचे बागायतदार आणि खारपाणातले कोरडवाहू शेतकरी यांना बसवावं. समोर तीन आकडे ठेवावेत: धरणातला साठा, पायथ्याच्या निरीक्षण विहिरींची पातळी, आणि खालच्या विहिरींतले क्षार. तिन्ही आकडे एकाच तक्त्यावर, गावांच्या नावांसकट, वरवट बकालच्या ग्रामपंचायतीबाहेरही आणि तेल्हाऱ्याच्या तहसीलबाहेरही लावावेत.