गोंदियाची विडी आणि शेतीचा हंगाम

धूम्रपानाचीं साधनें अनेक. हुक्क्यास नळी लागते, चिलमीस घडविणारा कुंभार लागतो, पाश्चात्त्यांच्या पाइपाची दांडी लांकडाची किंवा कृत्रिम द्रव्याची, पण कुशल कारागिरानेंच केलेली असावी लागते. विडीस यांपैकीं कांहींच लागत नाहीं. पान हेंच तिचें आवरण आणि तीच तिची नळी. म्हणूनच ती गरिबास परवडली, आणि कोणत्याही ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईच्या हातून तयार होऊं लागली. गोंदियाच्या अलीकडच्या इतिहासाचा एक मोठा भाग या साध्या गोष्टींत सांठविलेला आहे.

हें पान तेंदूचें. आपण त्यासच टेंभुर्णी म्हणतों. उन्हाळ्याच्या आरंभीं झुडपांची छाटणी होते, त्यामुळें कोंवळी, रुंद पालवी फुटते आणि एप्रिल-मे महिन्यांत तोडणी चालते. पानांचे पुडे बांधून ते उन्हांत वाळवितात. पुढें पान भिजवावयाचें, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कातरीनें कापावयाचें, आंत तंबाखू भरून वळावयाचें, दोऱ्यानें बांधावयाचें आणि तोंड दुमडावयाचें, विडी झाली! जंगल शेजारीं होतें, तंबाखू गुजरातेंतून येई. विसाव्या शतकाच्या आरंभीं नैनपूरमार्गें जबलपूरकडे जाणारा अरुंद लोहमार्ग झाला आणि गोंदिया हें जंक्शन बनलें. गुजराती व्यापाऱ्यांनीं येथें कारखाने काढिले. परंतु पुष्कळसें काम सट्टेदारांमार्फत घरोघरींच होत राहिलें. मजुरी मिळे ती हजारावर, आणि नापसंत विडीचे पैसे कापले जात.

अशा या धंद्यावर १९४८ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें एक कायदा केला. तेव्हां गोंदिया भंडारा जिल्ह्यांत व त्याच प्रांतांत होतें. शेतीच्या हंगामांत मजूर मिळावे, हा कायद्याचा हेतु. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरानें हंगाम ठरवून गांवें जाहीर करावयाचीं. मग त्या गांवांत राहणाऱ्या कोणीही त्या मुदतींत विडी वळावयाची नाहीं! धान्याचा तुटवडा असलेल्या त्या काळांत हा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? परंतु हुकूम काढणाराच्या डोळ्यांपुढें केवळ हात होते. ते हात कोणाचे, हा विचार नव्हता.

सागर जिल्ह्यांतील अशा एका हुकुमाविरुद्ध विडीचे एक कारखानदार, चिंतामणराव, आणि एक कामगार सर्वोच्च न्यायालयांत गेले. राज्यघटना अंमलांत येऊन वर्षही झालें नव्हतें. ८ नोव्हेंबर १९५० रोजीं न्यायमूर्ति मेहेरचंद महाजन यांनीं निकाल दिला. वृद्ध, अपंग, मुलें, तसेंच शेतीचें काम न करणाऱ्या इतर लोकांसही या बंदीनें विडीपासून रोखिलें जातें. शेतमजुरांपुरती बंदी किंवा कामाच्या तासांचें नियमन पुरेसें झालें असतें, असें त्यांत सांगितलें आहे. निर्बंध वाजवी नाहीं म्हणून तो रद्द ठरला. जी लंगडी म्हातारी चिखलांत रोवणी करूं शकत नाहीं तिची विडी बंद करून शेतास कांहीं लाभ नाहीं, हें साधें सत्य त्या दिवशीं कायद्याच्या भाषेंत उमटलें.

पुढें १९६६ सालीं विडी कामगारांच्या कामाच्या अटींसंबंधीं कायदा झाला, १९७६ सालीं कल्याण निधि आला. १९९९ सालीं गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि जुना प्रश्न आज उलट बाजूनें पुढें उभा आहे. विडीचा धूर ओढणाराच्या फुप्फुसास घातक आहे. तंबाखूची धूळ वळणारीच्याही श्वासांत जाते. हा धंदा कमी व्हावा, असें आरोग्याच्या दृष्टीनें म्हणणें योग्यच. परंतु तो कमी करणारांनीं १९४८ ची चूक पुन्हां करूं नये. बंदीच्या आधीं त्या सुपापुढें बसलेल्या बाईस दुसरें काम कोणतें, हें सांगतां आलें पाहिजे.